परातीतला पाचवा वाटा

कालामोरा, रविवार, १५ जून

नेउस,

तुझं कार्ड मिळालं. पुढे पवनचक्की, मागे पाच शब्द. "बिएल, स्वतःची काळजी घे. नेउस." त्यातला एक शब्द माझं नाव, एक तुझं. म्हणजे खरं लिहिलंस ते तीनच शब्द. हे वाक्य नर्स पेशंटला म्हणते, तेही केस हाताबाहेर गेल्यावर. हॉलंडमधल्या त्या उत्रेख्तच्या इस्पितळात तू दिवसभर तेच म्हणत असशील, त्यातलं एक उरलं ते मला पाठवून दिलंस. आभारी आहे!

फोन केला की तुझ्या वसतिगृहातली ती बाई "नाही" एवढंच म्हणते. स्वतःच्या आईला मात्र दर बुधवारी फोन करतेस. म्हणून लिहितोय. पत्र आल्यावर "मी घरी नाही" असं तर कुणाला सांगता येणार नाही ना?

काल तुझी आई, माझी एंपारमावशी, खाली गॅरेजात राहायला गेली. घडीची खाट, गॅसची शेगडी, तुझ्या बाबांचा फोटो आणि सहा कोंबड्या. दरवर्षीच जाता तुम्ही, मला माहीत आहे. अख्खं गावच जातं. उन्हाळाभर भाड्याचे पाहुणे वर, मालक खाली. पण तेव्हा तुम्ही तिघं असायचात, तुझे बाबा, शिमोकाका, गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून "आमचा उन्हाळी राजवाडा" म्हणून हसवायचे. आता ती एकटी आहे. गाद्या मी उतरवल्या. पडदे मी काढले. कपाटातल्या तुमच्या वस्तू त्या एका खोलीत कोंबून कुलूप मी लावलं. तू कुठे होतीस? पवनचक्की बघत होतीस.

आज तिनं पाएया केली, रविवारचा परातीतला भात. दोघांसाठी. बाबांनी मला सांगून टाकलंय, "कॉलेज सोडलंस ना, मग माझ्या परातीत तुझा वाटा नाही," म्हणून रविवारी मी तुमच्याकडे जेवतो. मावशीनं परात खोक्यावर ठेवली, लाकडी चमच्यानं भातावर रेघा ओढल्या. दोन माणसं, तीन वाटे. मी तिसऱ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बघू नकोस. तो नेउसचा."

"ती दोन हजार किलोमीटरवर आहे, मावशी."

"असू दे. तुझ्या रेघेच्या आत जेव."

संध्याकाळपर्यंत तो वाटा तसाच होता. खालची खरवडसुद्धा तिनं खरडली नाही. मग कोंबड्यांना घातला. तुझ्या वाट्याचं जेवून कोंबड्या लठ्ठ होतायत. एवढंच कळवायचं होतं.

बिएल

कालामोरा, रविवार, २० जुलै

नेउस,

उत्तर नाही. छान. मीही उत्तराची वाट बघत नाही, नुसतं लिहितो.

शनिवारी दहा वाजता जुने भाडेकरू निघतात, चारला नवे येतात. मधल्या सहा तासांत मी आणि तुझी आई मिळून तुमचा बंगला असा करतो, की तिथे कधी कुणी राहिलंच नाही. चादरी, मोरीतले केस, वाळू. वाळू तर मुद्दाम पिशव्या भरून आणत असतील, अशी सापडते. वास्तुकलेची दीड वर्षं शिकून मी आता मोरीतले केस काढण्यात तरबेज झालोय. बाबांचं म्हणणं आहे, पदवीची गरज नव्हतीच.

मागच्या आठवड्यातल्या जर्मन माणसाला कोंबडा नको होता. "सुट्टीवर आलोय, पहाटे उठायला नाही." मावशीनं कोंबडा बहिणीकडे पाठवला. या आठवड्यातल्या माद्रिदच्या बाईनं विचारलं, समुद्राचा आवाज रात्री जरा कमी नाही का होत? आणि मावशी काय म्हणाली, ऐक: "माफ करा हं, बाई." समुद्राबद्दल माफी! मी म्हटलं, "मावशी, समुद्रसुद्धा शिमोकाकांनी बांधलाय का?" तर मलाच डोळे वटारले.

हे घर त्या माणसानं बारा वर्षांच्या रविवारांनी बांधलं. आठवडाभर लोकांच्या भिंती, रविवारी आपली. फाटकावरच्या निळ्या फरशांवर "विला नेउस" त्यांनी स्वतः बसवलं, शेवटची फरशी जरा कलली, ती पुन्हा काढली नाही. "पोरगी पण थोडी कललेलीच आहे," म्हणाले. तुला आठवत असेल. की उत्रेख्तला असलं आठवायला बंदी आहे?

आणि एक सांग. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याला कोण राजा येतोय? भाड्याच्या कचेरीतून फॅक्स आला: देक्कर, चार जण, हॉलंड. तेव्हापासून तुझ्या आईला काय झालंय कळत नाही. तिनं गच्चीला चुना मारायला लावला. नवे पडदे शिवले. काल भर उन्हात फाटकावरच्या फरशा साबणानं घासत होती. मी म्हटलं, "हॉलंडवाल्यांना काय समजणार?" ती म्हणाली, "तू शिडी धर."

तुझ्या तिकडचे लोक आहेत, ओळखीचे असतील तर सांग त्यांना: वाळू झटकून आत या.

बिएल

गॅरेज, विला नेउस, शनिवार, २३ ऑगस्ट

नेउस,

या पत्राला तिकीट लावायची गरज नाही. तू माझ्या डोक्यावर चालतेयस. तुझ्या चपलांचा आवाज मला खाली ऐकू येतोय.

साडेचारला गाडी आली. मी फाटकात किल्ल्या घेऊन उभा, हसरा चेहरा करून, कचेरीनं शिकवला तसा. आधी एक लांबच लांब म्हातारा उतरला, मग त्याची बायको, मग त्यांचा मुलगा, तो तुझा यूस्ट, दारात डोकं आपटणारा. आणि मग तू. केस कापलेस. माझ्याकडे बघितलंस आणि इंग्रजीत म्हणालीस, "नमस्कार सर, किल्ल्या तुम्हीच देणार ना?"

सर! तिसरीत माझ्या दप्तरात खेकडा सोडणारी नेउस मला "सर" म्हणाली!

तेवढ्यात म्हातारीनं, तिनेकेबाईंनी, फरशा वाचल्या. "नेउस! अगं, हे तर तुझंच नाव!" आणि तू, त्या कललेल्या फरशीखाली उभी राहून, म्हणालीस, "इकडे फार घरांना असतं हे नाव."

एंपारमावशी तिथेच होती. नवा झगा घालून, हात पदराला पुसतात तसे ॲप्रनला पुसत. तिनेकेबाईंनी हात पुढे केला, तिनं तो हातात घेतला. म्हाताऱ्याचा घेतला. यूस्टचा घेतला. मग तू हात पुढे केलास. तुझ्या आईनं तुझ्याशी हस्तांदोलन केलं, नेउस. सहा महिन्यांनी. आणि सोडायला एक क्षण उशीर केला, तर तूच काढून घेतलास. "कोण या?" म्हातारीनं विचारलं. तू म्हणालीस, "घर बघणाऱ्या बाई."

मग मी काय केलं? मी तुला तुझं घर दाखवलं. ही मोरी, हा गिझर, असा पेटवायचा, आधी बटण दाबून दहापर्यंत मोजायचं. तू मान हलवत होतीस, जणू जन्मात गिझर बघितला नाहीस. गच्चीचं दार उचलून ढकलावं लागतं हे मी सांगायच्या आतच तू उचलून ढकललंस. यूस्ट म्हणाला, "तुला कसं कळलं?" "समुद्राकाठची दारं अशीच फुगतात." वा! हुशार!

खाली येऊन मी तुझ्या आईवर ओरडलो. देवाशपथ, पहिल्यांदाच. ती कांदा चिरत होती.

"तुला माहीत होतं?"

"जूनपासून. तिनं फोनवर विचारलं, आई, शेवटचा आठवडा रिकामा आहे का? मी म्हटलं, ये की, तुझंच घर आहे. म्हणाली, नको, कचेरीतूनच घेते."

"आणि तू हो म्हणालीस? तुला 'घर बघणारी बाई' म्हणाली ती! मला इंग्रजी येतं, मी ऐकलंय!"

"मग खोटं काय त्यात? मीच बघते ना घर?"

"मावशी!"

तिनं सुरी खाली ठेवली. "त्या लोकांकडे प्रत्येकाला आपली खोली असते, बिएल. त्यांना तिनं काय सांगायचं? माझी आई उन्हाळाभर स्कूटरशेजारी झोपते? लाज वाटते पोरीला. वाटू दे. माझी आई संत्र्यांच्या वखारीत होती. तिच्या काळ्या बोटांची मला इतकी लाज वाटायची की शाळेच्या फाटकात मी तिला ओळख दाखवायची नाही. ती पण काही बोलली नाही."

"मी बोलणार. उद्या सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगितलंस तर या गॅरेजात पुन्हा पाय ठेवू नकोस. सांगायचं असेल तर ती सांगेल. तिच्या तोंडून येऊ दे, नाहीतर येऊच नको दे."

असं आहे. माझं तोंड बंद आहे, तुझं बंद आहे, आणि तुझी आई तुम्हा चौघांसाठी ओवा घातलेले ऑलिव्ह वाटीत काढतेय. आठवडाभरात तू एकदा तरी तिला आई म्हणणार आहेस की नाही, एवढंच मला बघायचंय.

हे पत्र फाटकाजवळच्या पेटीत टाकतोय. पेटीवरही "नेउस" लिहिलंय. इकडे फार पेट्यांवर असतं.

बिएल

गॅरेज, रविवार, २४ ऑगस्ट

नेउस,

तू काय म्हणणार ते मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो. ताटल्या सापडल्या नाहीत. शोधल्या. खरंच सांगतो.

सकाळी मावशीनं मागच्या अंगणात संत्र्याची लाकडं पेटवली आणि धूर वर गेला. तिनेकेबाई कठड्यावरून वाकल्या, हातानं विचारलं, आम्हालापण मिळेल का? मावशीनं लगेच मोठी परात काढली. शिमोकाकांची, दहा माणसांची. दोन वर्षं ती भिंतीवरच होती. ससा, कोंबडी, रुंद शेंगा, पांढरे पावटे, वरून रोजमेरीची काडी. ती रश्शाची चव घेते तेव्हा डोळे मिटते, आज बराच वेळ मिटलेले होते.

"गच्चीवर चार ताटल्या मांड," ती मला म्हणाली. "काटे, ग्लास, नीट. हॉटेलात असतं तसं."

मी परात वर आणली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. आणि चार लाकडी चमचे ठेवले. तू माझ्याकडे बघितलंस. आल्यापासून पहिल्यांदा धड बघितलंस.

"ताटल्या?"

"सापडल्या नाहीत, बाईसाहेब."

तिनेकेबाईंना वाटलं हीच मजा. टाळ्या वाजवल्या त्यांनी. "परातीतूनच? सगळ्यांनी?" आणि म्हातारबुवांनी, हेर्ब्रांडनी, बाह्या वर केल्या. तुला समजावून सांगावंच लागलं: आपापल्या समोरचंच खायचं, शेजाऱ्याच्या हद्दीत जायचं नाही, नको असलेलं मांस मध्ये सरकवायचं. चमचा उचलून तू रेघा ओढायला लागलीस. मी जिन्यातून मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. पाच.

म्हाताऱ्यानंही मोजलं. "आपण चौघं. पाचवा कुणाचा?"

तू थांबलीस. मला वाटलं, आता. आता म्हणेल.

"जिनं केलं तिचा," तू म्हणालीस. "अशी पद्धत आहे इथली."

कुठली पद्धत? कुणाची? या किनाऱ्यावर अशी पद्धत कधीच नव्हती! इथे करणारी बाई सगळ्यांबरोबर बसून खाते! स्वतःच्या आईला खुर्ची देण्याऐवजी तू अख्ख्या मुलखाच्या नावावर एक रीत खपवलीस! मी पायरी सोडून पुढे होणार होतो, पण मागून मावशीनं माझा सदरा धरला. ती वर आली होती, हातात फडकं, चौकटीच्या आत, सावलीत.

तू पहिला घास घेतलास. दुसरा. सशाची कलेजी चमच्यावर आली. ती तू कधीच खात नाहीस. मध्ये सरकवायला हवी होतीस, पण सवयीनं पाचव्या वाट्यात नेऊन ठेवलीस, कारण घरी ती नेहमी आईच्याच वाट्यात जायची. तिसरा घास. तू कपाळाला आठ्या घातल्यास, मान मागे टाकलीस आणि आपल्या भाषेत, वीस वर्षं ओरडत आलीस तसं, ओरडलीस:

"आई, मीठ!"

आणि सावलीतून त्याच क्षणी, एक ठेका न चुकवता:

"मीठ बरोबर आहे! तुझीच जीभ तिकडे बिघडलीय!"

मग समुद्राचा आवाज काय तो उरला. त्या माद्रिदवालीला चालला नसता इतका.

तू चमचा हातात धरून बसली होतीस. कानापर्यंत लाल. तिनेकेबाईंनी यूस्टकडे बघितलं. आणि तो शांतपणे म्हणाला, "तो शब्द मला माहीत आहे. आई. झोपेत म्हणते ती."

झोपेत. बरं. तेही कळलं मला.

म्हातारबुवा उठले. भिंतीपाशी पडलेली खुर्ची उचलली, पाचव्या वाट्यासमोर आणून ठेवली आणि पाठीला हात लावून उभे राहिले. मावशी नको नको म्हणत ॲप्रन सोडत होती, गाठ सुटेना. तू उठून सोडलीस. तेव्हा कुठे तू इंग्रजीत म्हणालीस, खालमानेनं, भराभर: ही माझी आई, हे घर माझ्या बाबांनी बांधलंय, फरशीवरचं नाव माझंच आहे. मावशीला एक शब्द कळला नाही. तिनं कलेजी खाल्ली.

तुम्ही पाच जण होतात, पाच वाटे होते. सहावा कुणी आखला नाही. मी जिन्यात उभा होतो, परात उचलायचे दोन्ही आकडे हातात धरून. हे तुझ्या लक्षात आलं असेल तर सांग. आलं नसेल तर राहू दे.

बिएल

गॅरेज, गुरुवार, २८ ऑगस्ट

नेउस,

आता गॅरेजात मी आणि कोंबड्या. तुझी आई वर तिच्या स्वतःच्या पलंगावर झोपतेय, ऑगस्टमध्ये, हे गावात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. गादी हेर्ब्रांडबुवांनी डोक्यावर घेऊन वर नेली. यूस्टनं गिझर दुरुस्त केला, आता दहापर्यंत मोजावं लागत नाही. मला तो गिझर तसाच बरा वाटायचा. मावशी त्याला "पोरा" म्हणायला लागलीय. मला पंधरा वर्षं "बिएल"च म्हणते.

मंगळवारी तू खाली आलीस त्याबद्दल लिहायचंय, कारण तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

तू स्कूटरवर बसलीस आणि म्हणालीस, "पत्रं वाचली सगळी. छान शिव्या देतोस."

"उत्तर का नाही दिलंस?"

"काय देऊ? गावभर सांगत फिरतोस, नेउससाठी कॉलेज सोडलं. मी म्हटलं होतं सोड?"

"तुझे बाबा गेले होते. तू एकटी होतीस. मी आलो."

"आलास. बरं वाटलं. तेव्हाच म्हटलं होतं की आता परत जा, परीक्षा आहे. म्हटलं होतं की नाही?"

मी कोंबड्यांचं पाणी बदलायला लागलो.

"बिएल, सगळं माझ्या नावावर लावू नकोस रे. घराला लावलंय तेवढं पुरे झालं."

आणि गेलीस. आता दोन दिवसांनी माझं उत्तर ऐक: तुला परत जा म्हणायला काय जातं? तू म्हणालीस म्हणून कुणी जातं का? मी काही बस आहे? मला त्या कॉलेजात भिंतींची चित्रं काढायला शिकवत होते आणि इथे एका माणसानं बांधलेली भिंत मी चुना मारून उभी ठेवली, आणि तू त्या भिंतीची ओळख नाकारलीस, आणि तरी शेवटी मीच चुकीचा!

हे वाचून बघितलं. उत्तर फारसं जमलेलं नाही. पाठवतो तरीपण.

बिएल

कालामोरा, रविवार, ३१ ऑगस्ट

नेउस,

काल तुम्ही दहाला निघालात, बरोबर दहाला, इतर भाडेकरूंसारखे. वाळू झटकली होती. तिनेकेबाईंनी मला मिठी मारली, तू हात हलवलास. मावशी फाटकात उभी राहिली, गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही. मग म्हणाली, "चल, चादरी." चारला सारागोसाची मंडळी येणार होती.

बैठकीतली पाहुण्यांची वही आवरताना उघडून बघितली. म्हाताऱ्यांनी त्यांच्या भाषेत पानभर लिहिलंय. खाली तुझं अक्षर. आईला: "पुढच्या वर्षी हा आठवडा कचेरीला देऊ नकोस. मी येणार आहे." आणि त्याखाली, बारीक: "बिएल, ताटल्या मोरीवरच्या फडताळात होत्या. जिथे कायम असतात."

हो. होत्या. मला माहीत होतं. फडताळ उघडलं, बघितल्या आणि बंद केलं. मागच्या रविवारच्या पत्रात मी खोटं लिहिलं, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

मावशी आज पुन्हा गॅरेजात आली. लहान परात, खोक्यावर. मी सवयीनं माझ्या बाजूला बसलो. तिनं चमच्यानं रेघ ओढली. एकच. आडवी, इकडून तिकडे.

"तिचा?" मी म्हटलं.

"तिनं खाल्लं या वर्षीचं. आता अर्धं अर्धं." मग चमचा माझ्यापुढे ठेवत, "वालेन्सियाची बस साडेपाचला आहे. नावनोंदणी उद्यापासून ना? तुझी आई सांगत होती. नीट जेव. तिथे उपाशीच मरतोस तू."

"मी जातो म्हणालो का?"

"नाही. मी म्हणाले."

नेउस, मी तिच्याशी भांडलो नाही. का कोण जाणे. ज्या जागेला अख्खा उन्हाळा हात लावला नव्हता तिथून मी खायला सुरुवात केली. आत गेल्यावर खरवड लागली, जाड, कुरकुरीत.

मीठ कमी होतं. चांगलंच कमी होतं. ते ओरडून सांगणं तुझ्याकडे, माझ्याकडे नाही.

गप्प खाल्लं, परात घासली, आता बस पकडतो.

बिएल